जिनिंगच्या पंख्यामागचं घर

आदिलाबादेत आम्ही प्लॉट घेतला तो भर उन्हाळ्यात. मागची जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी, तेव्हा बंद होती. प्लॉटवाला म्हणाला, शेजार अगदी शांत आहे. बिचारा खोटं बोलला नाही; हंगामाचं त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

पावसाळा सरता सरता घर बांधून राहायला आलो. दसऱ्यानंतर कापूस आला आणि जिनिंगचा पंखा सुरू झाला. हा पंखा म्हणजे ढिगातला कापूस ओढून मशीनकडे फेकणारं एक अवाढव्य धूड. त्याचं तोंड नेमकं आमच्या स्वयंपाकघराकडे. कुकरची शिटी ऐकू येईना, वरण करपू लागलं. तेही चाललं असतं, पण बायकोचं डोकं दिवसभर जड राहायचं, छाती धडधडायची, झोप तर गेलीच. डॉक्टरांनी बीपीची गोळी दिली आणि शांत जागी राहायचा सल्ला दिला. दवाखान्याच्या दारात जनरेटर चालू होता, त्यामुळे हा सल्ला त्यांना दोनदा द्यावा लागला.

बायको थेट जिनिंगच्या मॅनेजरकडे गेली. तो म्हणाला, बाई, हा आवाज म्हणजे लक्ष्मीची पावलं.

"मंग तिले म्हना, जरा हळू चाल," ती म्हणाली.

लक्ष्मीने ऐकलं नाही. मग बायकोने प्रदूषण मंडळाकडे अर्ज केला. पुष्कळ दिवसांनी एक साहेब आवाज मोजायचं यंत्र घेऊन आले. त्यांची जीप वळणावर दिसली आणि पंखा गप्प झाला. हंगाम सुरू झाल्यापासून मी पहिल्यांदाच चिमण्या ऐकल्या. साहेबांनी यंत्र पाहून सांगितलं, सगळं ठीक आहे.

बायको मंडल कचेरीत, म्हणजे इथल्या तहसिलीत, कारकून. माणसाला बसवून ठेवणं हा तिच्या नोकरीचाच भाग. तिने गोड तेलुगूत साहेबांना जेवायचा आग्रह केला आणि ज्वारीची एकेक भाकरी सावकाश थापायला घेतली. सोबत वांग्याची भाजी, ठेचा. मी ताट वाढत होतो आणि हवापाण्याच्या गप्पा मारत होतो. तिकडे कापसाच्या गाड्यांची रांग सडकेपर्यंत गेली. शेतकरी मॅनेजरच्या नावाने ओरडू लागले, तसा त्याचा नाइलाज झाला.

पंखा सुरू झाला. ताटातली वाटी थरथरली. "साहेब, आता मोजा," बायको म्हणाली. त्यांना ऐकू आलं नाही. तिने यंत्राकडे बोट दाखवलं. ठेच्याने माखलेला हात तसाच धरून त्यांनी डाव्या हाताने यंत्र उचललं, आकडा पाहिला, आणि पहिल्यांदाच आमच्याकडे माणसासारखं पाहिलं.

साहेबांची नोटीस गेली आणि महिन्याभरात जिनिंगवाल्यांनी पंख्याचं तोंड आपल्याच अंगणाकडे फिरवलं आणि मधे भिंत घातली. आवाज गेला नाही, पण घरात माणसांसारखं बोलता येऊ लागलं. बायकोचं डोकं हलकं झालं, झोप परतली. गोळी मात्र राहिली. डॉक्टर म्हणतात, आता मीठ कमी करा. तेव्हापासून मीही अळणी खातो. वेगळी भाजी मागायची माझी टाप नाही.