थोरल्या आईचं टॅक्सीइंग

एकदाही विमानात न बसता विमानावर माझ्या थोरल्या चुलतीइतका हक्क सांगणारं माणूस अख्ख्या बारामती तालुक्यात सापडायचं नाही. आम्ही तिला थोरली आई म्हणतो. कन्हेरीत तिच्या उसावरून शिकाऊ विमानं घिरट्या घालतात. एखादं जरा खाली आलं की ती खुरपं उंचावून ओरडते, "नाक वर घे, नाक!" आणि गंमत म्हणजे ते घेतंही.

हे ज्ञान तिला माडीवर भाड्यानं राहणाऱ्या, विमान शिकणाऱ्या नागपूरच्या पोरीकडून मिळालं. एका संध्याकाळी पोरगी म्हणाली, "आज नुसतंच टॅक्सीइंग केलं." थोरली आई कळवळली, "टॅक्सी कशापायी? आपली येष्टी काय वाईट हाय?" मग पोरीनं समजावलं, की विमान जमिनीवर स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर चालतं, त्याला टॅक्सीइंग म्हणतात. दुसऱ्यानं ओढत नेलं, तर ते टोइंग.

त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी साधं चाललं नाही. नवं वासरू लटपटत उभं राहिलं, की "बगा, टॅक्सीइंग कराया लागलं!" उसाचा ट्रॅक्टर टॅक्सीइंग करी, मागची ट्रॉली मात्र बिचारी टोइंगमध्ये. मी शाळेत इंग्रजी शिकवतो. न राहवून म्हणालो, "थोरल्या आई, हे क्रियापद फक्त विमानाला लागतं." ती शांतपणे म्हणाली, "का? ट्रॅक्टरला इंजान न्हाय व्हय?"

गेल्या वर्षी तात्यांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून आणल्यावर मुलं त्यांना उचलूनच इकडून तिकडं नेत. थोरल्या आईनं चार दिवस पाहिलं आणि म्हणाली, "हे टोइंग आता बंद." रोज सकाळी ती त्यांना भिंतीला धरून उभं करी. तात्या चिडत, रडत. एकदा काठी फेकून ओरडले, "मी काय इमान हाय का?"

"न्हाय. पर इंजान हाय न्हवं अजून?" काठी उचलून देत ती म्हणाली.

माघात कळसला, त्यांच्या लेकीच्या घरी, नातीचं लग्न होतं. गाडी मांडवाच्या तोंडाशी थांबली. अक्षता वाटून झाल्या होत्या, भटजी घाई करत होते. जावयानं प्लॅस्टिकची खुर्ची आणली, "तात्या, बसा, उचलून नेतो." थोरली आई आडवी आली. "खुर्ची ठिवा तितंच. त्ये चालत येत्यात." नवरीनं अंतरपाटाआडून निरोप धाडला, "आजोबा आल्याबिगर अक्षता पडायच्या न्हाईत."

बँडवाले आपसूक थांबले. तात्या एक पाय टाकत, दुसरा ओढत निघाले. मध्येच थांबले, घाम पुसला, पुन्हा निघाले. ते नातीपाशी पोचले, डाव्या हातानं तिच्या डोक्यावर पहिली अक्षता टाकली, आणि बायाबापड्या रडू लागल्या.

सगळे तात्यांकडं बघत होते. मी त्यांच्या मागून चालत होतो, म्हणून मला दुसरंच दिसलं. गाडीपासून बोहल्यापर्यंत थोरल्या आईचा हात त्यांच्या पाठीमागं होता, पाठीला न टेकता, जेमतेम बोटभर अंतरावर. ते थांबले की तोही थांबे. तात्या पोचल्यावर तिनं तो पदराखाली घेतला, मला म्हणाली, "पानी आन रं थोडं," आणि मांडवाच्या तोंडाशी परत जाऊन त्याच रिकाम्या खुर्चीत बसली.

त्या हाताचं तात्यांना अजून ठाऊक नाही.