तहकूब सभेचा कोरम

"मॅडम, आपन जिंकलो! कोरमच नाय झाला."

रोहिणी स्टाफरूमच्या दारातूनच ओरडली. ही माझी टी.वाय.ची विद्यार्थिनी, द्रोणागिरीच्या पलीकडच्या एका कोळीवाड्यातली. मी पनवेलच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. कोरम हा शब्द तिला मीच शिकवलेला. ठरावीक संख्येने माणसं हजर नसतील तर सभा चालवता येत नाही. ती संख्या म्हणजे कोरम.

तिच्या गावात बोंबील-सुकट वाळवायचं खळं आहे, म्हणजे मोकळं मैदान. जागा ग्रामपंचायतीची. ती ट्रेलर उभे करायला एका गोडाऊनवाल्याला भाड्याने द्यायची, असा विषय ग्रामसभेपुढे आला होता. खळं गेलं की सुकी मासळी गेली, आणि रोहिणीच्या आईचं घर तिच्यावरच चालतं. म्हणून रोहिणीने माझ्या लेक्चरच्या भरवशावर गावातल्या बायकांना सांगितलं, "कोनी जाऊ नका. कोरम नाय तर ठराव नाय."

"मग सभा रद्द झाली?"

"नाय, तहकूब केली. पुढच्या आठवड्यात हाय."

तहकूब म्हणजे पुढे ढकललेली. आमच्या क्रमिक पुस्तकातलं प्रकरण कोरमपाशी संपतं. मी कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं. पुढेच लिहिलं होतं की तहकूब सभेला कोरम लागत नाही. म्हणजे चार डोकी जमली तरी ठराव पास! बायका घरी बसल्या, त्यात गोडाऊनवाल्याचंच फावलं होतं.

खात्री करायला तिच्या गावच्या ग्रामसेवकांना फोन लावला. माणूस सरळ निघाला.

"मॅडम, पहिल्या सभेला कोरम होतच नाही. आम्ही तहकुबीचीच तयारी ठेवतो."

"मग गावाचं ठरवतं कोण?"

"जे येतात ते."

राज्य कोण करतं याचं इतकं थोडक्यात उत्तर माझ्या पीएच.डी.त नाही.

रोहिणीचा चेहरा पडला. "म्हंजे मीच घालवलं खलं?"

"सभा अजून व्हायचीय. या वेळी सगळ्यांना घेऊन जा."

"सभा सकालची असते, मॅडम. बायका तवा मार्केटात."

मी वर्गाला त्या सभेला न्यायचं ठरवलं. प्राचार्यांनी चष्मा काढला.

"आणि पोर्शन?"

"हाच पोर्शन आहे, सर."

"परीक्षेत येणार नाही हे."

"गावात आलंय."

ते हसले आणि सही केली. मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

सभेच्या दिवशी आम्ही मागे भिंतीला टेकून उभे राहिलो. आम्हाला मत नव्हतं. पुढे आठ-दहा पुरुष बसले होते. बाया दिसेनात. आठवडाभर घरोघरी सांगत फिरलेली रोहिणी नखं खात होती. सरपंचांनी विषय वाचायला घेतला आणि दारात गलका झाला. खळ्यावरून थेट आलेल्या बाया टोपल्या बाहेर ठेवून आत शिरत होत्या. हॉल भरला, तशा व्हरांड्यात बसल्या. कुणी त्या दिवशी मार्केटला गेलंच नव्हतं.

रोहिणीची आई उठली. "सरपंच भाऊ, खलं भाड्यानं दिलं तं आमी म्हावरा सुकवू कुठं? तुमच्या गच्चीवर?"

सरपंचही हसले. "बरं, हात वर करा. ठराव कुणाला नको?"

हातच हात. नामंजूर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि वर्गातल्या पोरांनी ते पाहिलं. त्याला इलाज नव्हता.

बाहेर येताना रोहिणीच्या आईने मला थांबवलं. "मॅडम, पुस्तक पुरं शिकवा हां पोरींना."

आता मी कोरम शिकवला की त्याच तासाला तहकूब सभाही शिकवते. विद्यापीठाने परीक्षेत अजून ती विचारलेली नाही. परवा मात्र ग्रामसेवकांचा फोन आला. आवाज तक्रारीचा होता.

"मॅडम, पहिल्याच सभेला कोरम झाला. मी खुर्च्यासुद्धा मांडल्या नव्हत्या."