नकाशातला दुसरा काठ

उर्वशी सौंसरला एका खासगी संस्थेत संगणक शिकवते. तिचे माहेर सावरगाव, सासर पांढुर्णा. मधे जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. सावरगाव तो राखते, पांढुर्णा तो तोडायला जाते आणि दोन्ही काठांवरून दिवसभर दगड चालतात. काही वर्षांपूर्वी या गोटमारीत उर्वशीच्या धाकट्या भावाचा, संदीपचा, डोळा गेला. दगड पांढुर्ण्याच्या काठावरून आला होता. त्याच संध्याकाळी तिच्या सासरी झेंडा जिंकल्याचे पेढे वाटले गेले आणि एक तिच्याही हातावर ठेवला गेला. ज्यांना यात काही खटकले नाही, त्यांच्या परंपराभिमानाबद्दल मला आदर वाटत नाही.

अनेकांनी मिळून संगणकावर खेळायच्या बंदुकीच्या एका खेळासाठी उर्वशीने याच नदीचा नकाशा तयार केला होता. त्यात प्रत्येक जण एकटा, सर्वांविरुद्ध. स्टेशनजवळ गेमिंग क्लब चालवणाऱ्या गजेंद्रने तो पाहिला आणि पोळ्याच्या स्पर्धेसाठी झेंड्याच्या खेळात बदलून मागितला: दोन संघ, मधे एक झाड.

बदल वाटला तितका सोपा नव्हता. मेलेला खेळाडू पुन्हा उभा राहण्याच्या जागा पूर्वी नकाशाभर विखुरल्या होत्या. तिने त्या दोन घाटांवर आणल्या. पुलाखालून थेट झाडापाशी नेणारी वाट बुजवली, पात्रात आडोशाला खडक ठेवले. शेवटी तिने एक नियम घातला. एक बाजू राखणारी, दुसरी तोडणारी. तेव्हा अर्धा खेळ झाला की संघांनी काठ बदलायचे.

चाचणीच्या दुपारी क्लब भरला होता. पांढुर्ण्याच्या संघाचा कप्तान होता हर्षल, उर्वशीचा दीर. अर्धा वेळ संपला आणि पडद्यावर तो अचानक सावरगावच्या घाटावर उभा दिसला. पोरांनी एकच गिल्ला केला.

"हर्षल्या, सासुरवाडी केली का बे तिकडे?"

गजेंद्र उठला. "वहिनी, हे काय करून ठेवलं? पांढुर्ण्याचा माणूस सावरगावकडून खेळन?"

"अर्धाच वेळ. दोन्हीकडून खेळल्याशिवाय बरोबरी कशी होईन?"

"लोक हसतीन आमच्यावर. काढून टाका ते."

"नाही काढत."

"तुमचं काय जाते? तुमाले तर बाजूच नाही. एक पाय इकडं, एक तिकडं!"

पोरे हसली. हर्षलही हसला. स्त्रीला दोन्ही काठांवरची नाती सांभाळायला लावायची आणि मग तिला बाजूच नाही म्हणून हिणवायचे, हा निर्लज्जपणा आपल्याकडे विनोद म्हणून खपतो. त्या खोलीत दोन्ही काठ पाहिलेले एकच माणूस होते, आणि बोलण्याचा अधिकार नेमका त्यालाच नव्हता.

उर्वशी शांतपणे म्हणाली, "मले बाजू नाही, तर माझा नकाशाही तुमच्या बाजूनं नाही, गजेंद्रभाऊ." तिने तिथेच आपल्या खात्यातून तो काढून घेतला. पडद्यावरची नदी गेली. स्पर्धा पुढे कुठल्याशा वाळवंटाच्या नकाशावर झाली. झेंडा होताच, त्यामुळे कोणाचे काही अडले नाही.

घरी दोन दिवस हर्षल तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या संगणकापाशी येऊन म्हणाला, "तुझा नकाशा चालू कर ना वहिनी. पाहू दे, कसा असते तो."

ती दुसऱ्या बाजूने खेळली. अर्धा वेळ झाला, काठ बदलले. हर्षल सावरगावच्या घाटावर उभा राहिला आणि त्याने बंदूक उचललीच नाही. पुलापलीकडे उतारावर एक निळ्या दाराचे घर होते.

"वहिनी, इथून तर आपलं घर दिसून राहिलं."

"दिसतेच," उर्वशी म्हणाली. "संदीपलेही दिसत होतं."