नवऱ्यांची सहल

आमच्या तालुक्याच्या गावी सदस्य बाई असली, की पक्षाचा कागद तिच्या नवऱ्याच्या हातात द्यायची पद्धत होती. माझी बायको नगरपंचायतीवर निवडून आली आणि सभेच्या नोटिसा, लग्नपत्रिका, पक्षाचे आदेश, सगळं मीच माझ्या सहीनं घेऊ लागलो. ती तिथंच माझ्या शेजारी पेपर वाचत बसलेली असायची. तरी आलेला माणूस माझ्याकडेच वळायचा.

ती गेल्याला आता वर्ष होत आलं. तिच्याबद्दल लिहायचं म्हटलं की ती सहल आधी आठवते, आणि त्या सहलीत ती नव्हतीच.

एस.टी. स्टँडजवळचा आठवडी बाजार बायपासपलीकडे न्यायचा आणि मोकळ्या जागेवर गाळे बांधायचे, असा ठराव येणार होता. त्याच्या बाजूनं मत द्या, असा पक्षाचा व्हिप निघाला. व्हिप मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. पण बाजार हलणार नाही, असं प्रचारात तिनं तांड्यावरून भाजी आणणाऱ्या बायांना सांगितलं होतं. ती ते विसरली नव्हती, आणि त्या बायाही विसरल्या नव्हत्या.

नगरपंचायतीतल्या आमच्या पक्षाच्या गटनेत्याला फुटाफुटीची भीती वाटत होती. अशा वेळी सदस्यांना बाहेरगावी नेऊन ठेवतात. पण गटात तीन बाया, आणि बायांना न्यायचं म्हणजे पोरं, सासवा, डबे, सगळंच आलं. त्यानं सोपा मार्ग काढला. आम्हा तीन नवऱ्यांना चिखलदऱ्याला पाठवलं.

"सर, तुम्ही आमच्यापाशी असले म्हंजे वहिनीचं मत कुठं जाते?" तो म्हणाला.

बायकोनं माझी बॅग भरली. "जा नं. पुस्तक टाकलं आहे, स्वेटर टाकला आहे. भजी जास्त खाऊ नका."

"आणि मत?"

"ते इथं द्यायचं आहे. तिथं त्याचं काय काम?"

विरोधकांचा फोन यायला नको म्हणून लॉजवर पोचताच गटनेत्याच्या माणसानं आमचे मोबाइल जमा केले. दुसऱ्या दिवशी भजी खाता खाता आमच्यातला एक नवरा, कापसाचा व्यापारी, शांतपणे म्हणाला, "भाऊ, मोबाइल तुमच्यापाशी, बायको घरी. मी तिले सांगू कसं?"

त्या माणसाचा घास हातातच राहिला. मग त्यानं एकेकाच्या घरी स्पीकरवर फोन लावून दिला.

"वहिनी, सर काय सांगून राह्यले ते नीट आयका."

मी घसा साफ केला.

"बीपीची गोळी घेतली का?" तिनं विचारलं.

"घेतली."

"मग झालं," म्हणाली आणि फोन ठेवला.

सभेत तिघींनी ठरावाविरुद्ध हात वर केले. ठराव पडला. आम्ही परतीच्या गाडीत बसलो. आर्णी मागे पडल्यावर व्यापारी म्हणाला, "जागा मात्र मस्त होती."

गटनेत्यानं तिघींना अपात्र करा म्हणून अर्ज टाकला. यवतमाळला कलेक्टर साहेबांपुढे सुनावणी झाली. तिची साडी कडक इस्त्रीची, आणि घाम मला फुटलेला.

"व्हिप मिळाला होता?" साहेबांनी विचारलं.

"मला नाही."

"मग ही सही कोणाची?"

"यांची. पण हे निवडून आलेले नाहीत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार? बाकी दोघींच्या कागदांवरही नवऱ्यांच्याच सह्या निघाल्या. अर्ज फेटाळला गेला आणि तिची जागा राहिली.

पुढच्या सभेआधी गटनेता स्वतः घरी आला. मी सवयीनं हात पुढे केला, तर त्यानं नव्या व्हिपचा कागद माझ्यासमोरून तिच्याकडे नेला.

"घ्या वहिनी. पण सही करायच्या पहिले एक सांगा, तुमचं म्हणणं काय हाये?"

तिनं चष्मा पुसला आणि सुरुवात केली. बाजारात सावली नाही, पाण्याचा नळ नाही, बायांसाठी संडास नाही. तो मान डोलवत राहिला. मी चहा केला. तिचं बोलणं संपेना, तेव्हा तोच चहा पुन्हा गरम करायला ठेवला.