अप्पांचा जुना बंपर, माझा नवा

ट्रकच्या केबिनमध्ये बसून लांबचा प्रवास करायचा, हे माझं जुनं वेड. सासरे ट्रकवाले असूनही लग्नाला नऊ वर्षं होईपर्यंत ते जमलं नव्हतं, कारण जावयाला ट्रकमध्ये बसवायचं हेच सासुरवाडीत कुणाला पटत नव्हतं. यंदा दसऱ्याच्या जरा आधी मी आणि बायको सुनीता तिच्या माहेरी संतपूरला गेलो, तेव्हा कळलं की अप्पा, म्हणजे माझे सासरे, गोदामातली तूर घेऊन कलबुर्गीच्या डाळ मिलला निघालेत. मी हट्टच धरला. सासूबाई कुरकुरल्या, पण अप्पा म्हणाले, "यायचं म्हणायलेत तर येऊ द्या की." ही पोस्ट त्या प्रवासाची. ती लिहायला मी महिनाभर टाळाटाळ केली, कारण लाज वाटत होती. अजूनही वाटते.

आधी रस्त्याचं सांगतो. पुण्याहून यायचं तर सोलापूर, लातूर, उदगीर करत कर्नाटकातलं औराद गाठा. औरादहून बीदरच्या रस्त्याला संतपूर लागतं. उदगीरपर्यंत मजेत याल, पुढे अधूनमधून कंबर सांभाळा. पाट्या कन्नड होतात, गप्पा मराठीतच राहतात. मध्येच एखादं वाक्य कन्नडमध्ये जाऊन परत येतं. दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि तूर. मुक्कामाला लॉज हवा असेल तर बीदरला राहा, संतपूरमध्ये फक्त पाहुणे राहतात.

पाहुण्यांतही जावई असाल तर विचारूच नका. मी काहीही बोललो तरी "व्हय, जावईबापू म्हणायलेत ते बरोबर हाय" असं उत्तर येतं. मागे घर दुरुस्त केलं तेव्हा न्हाणीघराला पांढरी गुळगुळीत फरशी माझ्या पसंतीने बसली. या वेळी तिच्यावर गोणपाट अंथरलेलं दिसलं. पाय पुसायला असेल म्हणून मी त्यालाच ओले पाय पुसले.

निघायच्या दिवशी सकाळी ट्रकभोवती अप्पांचा पुतण्या महेश दोऱ्या आवळत होता. अप्पा या दसऱ्यापासून गाडी चालवणं सोडणार आणि खंडेनवमीच्या पूजेनंतर चावी महेशच्या हातात देणार, असं ठरलं होतं. त्याआधी त्यांना एकच काम करायचं होतं. ट्रकचा पुढचा बंपर जाड पत्र्याचा, त्यांनी पहिली गाडी घेतली तेव्हाचा. ती गाडी विकली, पण बंपर काढून या गाडीला लावला. त्याचं क्रोम आता काळवंडलं होतं, कडेला गंज आला होता. कलबुर्गीला देऊन त्यावर पुन्हा क्रोम चढवायचं होतं.

"मला जसा चमकणारा मिळाला तसाच पोराला द्यायचा," अप्पा म्हणाले. एवढीच त्यांची इच्छा. ती मला नीट ऐकू आली होती, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

प्रवास मात्र सुरेख झाला. केबिनमधून दिसणारं जग कारमधून दिसत नाही. माणसांच्या डोक्यावरून थेट शेतात नजर जाते. बीदर मागे पडलं, हुमनाबादला चहा झाला, पुढे कमलापूरला तांबड्या केळ्यांचे ढीग दिसले. ही केळी चुकवू नका, साल लालसर आणि आत लोण्यासारखा गर. अप्पा म्हणाले, येताना घेऊ. कलबुर्गीत तूर उतरवून झाल्यावर आम्ही भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी दिलेला सुसला आणि मिरची भजी खाल्ली. दोघांचं मिळून शंभराच्या आत भागतं आणि संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही.

मग क्रोमवाल्याकडे गेलो. गल्लीत तेजाबाचा उग्र वास, आत हिरवट पाण्याच्या टाक्या. बंपर काढून त्याच्यापुढे ठेवला. अप्पा त्याच्याशी कन्नडमध्ये बराच वेळ बोलले. माझ्यासाठी तो मराठीत म्हणाला, "चार दिवस ठिवावं लागंल. जुनं क्रोम उतरवायचं, घासायचं, मग निकल, मग क्रोम. घाई केली की पापुद्रा सुटतोय."

अप्पांना चार दिवस चालणार होते. मला चालेनात. चार दिवसांनी पुन्हा एवढ्या लांब यायचं, तेही एका जुन्या पत्र्यासाठी? मी समोरच्याच सुट्या भागांच्या दुकानात शिरलो. तिथे आरशासारखा झळाळणारा बंपर टांगलेला होता. दुकानदार म्हणाला, नवा आहे, आत्ता बसवून देतो, जुना द्या, त्याचे पैसे वळते करतो. अप्पा मागून आले तोवर मी फोनवरून पैसे भरूनही टाकले होते. खूश होतो मी. नऊ वर्षं या घरचं खातोय, एकदा आपणही काही द्यावं, असं मनात होतं.

अप्पांनी नव्या बंपरच्या मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला. नखाने दोनदा टिचकी मारली. "जावईबापू, मी काय म्हणतो..." एवढं बोलून त्यांनी वर पाहिलं. दुकानात चारपाच गिऱ्हाइकं उभी होती, सगळी आमच्याकडे बघत होती.

"तुमाला पसंत हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"एकदम," मी म्हणालो.

"मग झालं."

त्यांचा जुना बंपर दुकानातल्या माणसाने क्रोमवाल्याकडून आणून मागे नेला. अप्पा तो दिसेनासा होईपर्यंत बघत होते. मी तेव्हा नव्या बंपरमध्ये दिसणाऱ्या माझ्याच तोंडाचा फोटो काढत होतो.

परतताना हुमनाबादच्या ढाब्यावर जेवलो. ज्वारीची भाकरी आणि भरलं वांगं, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि भजी. शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर चहाचा ग्लास घेऊन आमच्या गाडीपुढे वाकला होता.

"कुणी गळ्यात मारला ह्यो?" त्याने अप्पांना विचारलं. "नवा न्हाई ह्यो. मागनं बघा की, वेल्डिंगचे डाग हायत. पातळ पत्र्याचा मोडका बंपर, वरच्यावर क्रोमचं पाणी चढवलंय. पावसाळा काढायचा न्हाई."

"असू द्या. भजी घ्या," अप्पा म्हणाले.

"असू द्या कामून? परत नेऊन द्या त्येला."

"मी घेतलाय तो," मी म्हणालो.

त्याने मला न्याहाळलं. "तुमी कोण?"

"आमचे जावई. पुण्याला असतेत," अप्पा म्हणाले.

ड्रायव्हरने ग्लास खाली ठेवला. "अस्सं व्हय. मग चांगलाच असंल की. उन्हात डोळे दिपायलेत माझे, नीट दिसलं न्हाई." आणि त्या भल्या माणसाने पुन्हा वाकून बंपरचं तोंडभरून कौतुक केलं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

गाडी सुरू झाल्यावर मी विचारलं, "अप्पा, तुम्हाला दुकानातच कळलं होतं?"

अप्पा म्हणाले, "कमलापूरची केळी घ्यायची राहिली की. सुनीताला लय आवडत्यात."

"आपण मागे फिरू. बंपर परत घेऊ."

"आता तिथं जाऊन तुमी भांडणार. चार लोकांत तुमचा अपमान व्हायचा. कशाला?" एवढं बोलून त्यांनी गियर बदलला. संतपूर येईपर्यंत ते सोयाबीनविषयी बोलत होते आणि मी हूं हूं करत होतो.

पुण्याला परतताना मी कार मुद्दाम कलबुर्गीकडे वळवली. दुकानदार निर्विकार होता. म्हणाला, तो जुना बंपर त्याच संध्याकाळी गेला. हैदराबादचा कुणी जुन्या गाड्यांचा शौकीन आला होता. तसला जाड पत्रा आता मिळत नाही म्हणून हसत हसत घेऊन गेला. नाव-पत्ता माहीत नाही. समोरचा क्रोमवाला दारात उभा राहून ऐकत होता. त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

अफजलपूरच्या वाटेला लागल्यावर मी सुनीतावर घसरलो. "मला कुणीच कसं सांगत नाही?"

"जावयाला कोण सांगणार?"

"ती फरशी..."

"आई दोनदा पडली त्या फरशीवर. एकदा हात मोडता मोडता राहिला."

"मग तू तरी सांगायचंस."

"अप्पांनी शपथ घातली होती. म्हणाले, हौसेनं निवडलीय त्यांनी."

याच ब्लॉगवर मी किती वेळा लिहिलंय की सासुरवाडीत माझ्या शब्दाला वजन आहे. वजन होतंच. ते उचलत दुसरे होते.

तुमच्यापैकी कुणाकडे जुनी गाडी असेल तर एवढं ऐका: पत्रा जाड आणि सरळ असेल तर चार दिवस थांबा आणि त्यावरच क्रोम चढवून घ्या. नवा घेणार असाल तर मागची बाजू आधी बघा. आणि सोबत गाडीचा मालक असेल, तर त्याने अर्धवट सोडलेलं वाक्य पूर्ण करायला लावा. मी लावलं नाही. अप्पांना आयुष्यात एकदाच चावी द्यायची होती, आणि तिच्यासोबत जे द्यायचं होतं ते मी विकून आलो.

खंडेनवमीला महेशने पूजेचा फोटो पाठवला. ट्रक धुऊन लख्ख, काचेवर हळदीकुंकू, चाकांखाली लिंबं, शेजारी नवा फेटा बांधलेले अप्पा. बंपर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत झेंडूच्या माळांनी गच्च भरलेला. तसूभरही जागा उघडी नव्हती. सोबत महेशचा रेकॉर्ड केलेला आवाज: "दाजी, अप्पा सगळ्यांला सांगायलेत, जावयानं नवा बंपर घेऊन दिला म्हणून."

सुनीता फोटो मोठा करून बघत होती. "अप्पा बंपरला कधी फुलं घालत नाहीत," ती म्हणाली. "चमक झाकली जाते म्हणतात."

मी लगेच अप्पांना फोन लावला. पूजा कशी झाली वगैरे काही विचारलं नाही, सरळ विचारलं, "अप्पा, पापुद्रा सुटला का?"

पलीकडे हलगी वाजत होती.

"यंदा झेंडू लय स्वस्त होता, जावईबापू," अप्पा म्हणाले.