भाऊजींची उतरंड

आमच्या भाऊजींइतका चोखंदळ माणूस अख्ख्या लातुरात दुसरा झाला नसेल, आणि बाजारातून त्यांच्याइतका रिकाम्या हातानं परतणाराही झाला नसेल. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. टरबूज आणायला गेले की गाड्यावरचं एकूण एक टरबूज कानाशी धरून वाजवायचे आणि शेवटी रिकामी पिशवी माझ्या हातात देऊन म्हणायचे, "वैनी, आवाज होता, पण भरवसा वाटंना." चपलेच्या दुकानात त्यांना डावी पसंत पडायची, उजवी पडायची नाही. एकदा निलंग्याकडे मुलगी बघायला गेलो. मुलगी सगळ्यांना आवडली, भाऊजींनाही आवडली. परत येताना जीपमध्ये ते गप्प गप्प. विचारलं तर म्हणाले, "इतक्या लवकर आवडली, म्हंजी आपलं काईतरी बघायचं राहिलं." त्यांचं बघून होईपर्यंत त्या मुलीचं दुसरीकडे जमलं, आणि भाऊजी तसेच राहिले.

आमचं गाव तेरणेच्या काठचं. भूकंपात ते पडलं, त्यात सासूबाई गेल्या. आम्ही दोघं तेव्हा कामासाठी लातुरात होतो. भाऊजी गावातच होते. आदल्या रात्री विसर्जनाच्या मिरवणुकीत मोठा ढोल त्यांच्याच गळ्यात होता. वाजवून वाजवून दमले आणि घरी न येता देवळाच्या उघड्या ओट्यावर झोपले, म्हणून वाचले. भूकंपाच्या आवाजाबद्दल ते मला एकदाच बोलले, तेही गवार निवडता निवडता. "वैनी, जमिनीच्या पोटात कुणी ढोल वाजवून राहिलं असं वाटलं." पुन्हा त्यांनी ढोलाला हात लावला नाही. पेटी वाजवायचे, कॅसिओ वाजवायचे, पण जाड आवाजाच्या पट्ट्यांकडे त्यांचा डावा हात जायचाच नाही.

त्या वर्षी आमच्याकडे घरोघरी लोक निजताना पालथ्या भांड्यांची उतरंड रचायचे. खाली तांब्या, त्यावर फुलपात्र, त्यावर वाटी आणि सगळ्यांत वर पेला. जमीन हलली की पेला पडेल, जाग येईल, बाहेर पळता येईल. पुढं दिवस गेले तशी लोकांनी आपापली भांडी मांडणीवर लावून टाकली. भाऊजींची उतरंड मात्र राहिली. आधी रात्रीची होती, मग दिवसाचीही झाली. स्लॅबखाली ते झोपत नसत, म्हणून घराच्या मागं त्यांच्यासाठी पत्र्याची खोली केली. तिचं दार त्यांनी कधी लावलं नाही. मांजर यायचं, शेजारची कोंबडी यायची, पाऊस आला तर पाऊसही आत यायचा.

मग लातुरात क्लासेस वाढले. गावोगावची पोरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला येऊ लागली, आणि त्यांना जेवायला कुणीतरी घालायला हवं म्हणून आम्ही मेस काढली, काहींना राहायलाही ठेवून घेतलं. सकाळी डबे पोहोचवायचं काम भाऊजींकडं. ते झालं की दिवसभर ते आणि त्यांचा कॉम्प्युटर. एक सायबर कॅफे बंद पडला तेव्हा त्याचा एक जुना कॉम्प्युटर त्यांनी आणला होता. घरच्या घरी गाणं तयार करायचं, पेटी, ढोलकी, बासरी सगळं त्याच्यातच भरायचं, असा त्यांचा बेत. त्यासाठी एक सॉफ्टवेअर लागतं. तशी पुष्कळ असतात, आणि त्यांतलं एक निवडायचं असतं. भाऊजींना आयुष्यात याहून मोठं सुख आणि याहून मोठं संकट दुसरं मिळणार नव्हतं.

त्यासाठी ते एसटीनं नांदेडला गेले. तिथं त्यांचा एक मित्र लग्नाच्या व्हिडिओंना गाणी जोडायचा. त्याला विचारलं, त्याच्या ओळखीच्यांना विचारलं, आणि प्रत्येकानं छातीवर हात ठेवून आपलंच चांगलं म्हणून सांगितलं. भाऊजी सगळ्यांच्याच सीडी घेऊन आले. रोज डबे वाटून झाले की एकेक लावून बघायचे. मला त्यातलं कळत नव्हतं, पण जेवायला हाक मारायला गेलं की ते हौसेनं दाखवायचे, आणि मी दारात उभी राहून बघायची. एकात नुसत्या चौकटी होत्या, त्या भरल्या की ठेका तयार व्हायचा, पापड वाळत घातल्यासारखा. एकात आडव्या पट्ट्या, रांगेनं शेवया टाकल्यासारख्या. एक फुकटचं होतं, ते ऐन गाण्यात थांबून इंग्रजीत काहीतरी सुनवायचं. "सासुरवाडी हाय का ही, सारखं टोमणे मारायला?" म्हणत भाऊजींनी ते काढून टाकलं. आणखी एकात बोट आधी आणि आवाज मागून. पट्टी दाबावी, तर आवाज हात पुसत पुसत सावकाश बाहेर यायचा. एकाला सात मात्रांचा ठेका जमायचा नाही, ते आपलं प्रत्येक गोष्टीला चारातच मोजायचं. त्याच्यावर भाऊजी दोन दिवस रुसले.

आमचे हे एकदा वैतागून म्हणाले, "आरं, सॉफ्टवेअर बघतोस का जावई?"

"दादा, जावई पसंत न्हाई पडला तर पोरगी माघारी आणता येते. गाणं एकदा ह्याच्यात अडकलं तर काढायचं कसं?"

यांनी त्या दिवशी शेवटचं सांगून टाकलं. जूनमध्ये पोरं यायची होती आणि जागा पुरत नव्हती. "एक गाणं कर. असं, की बाहेरचा माणूस मागून नेईल. मग खोली तुझी. न्हाई झालं तर जूनला तिथं तीन खाटा पडतील, तू हॉलमधी झोप." हॉलवर स्लॅब होता. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

भाऊजींची शेवटची परीक्षा उतरंडीची होती. बाकी सगळ्यांत पास झालेलं सॉफ्टवेअर लावायचं, गाणं वाजवायचं आणि शेजारच्या उतरंडीकडं बघत बसायचं. पेला पडला की ते नापास. "ह्याचा आवाज खाली जातो, वैनी. वरून कळत न्हाई, पण आतून धरणीला धरतो." एकामागून एक पडत गेली. पेला खणकन पडायचा, भाऊजी उडी मारून अंगणात यायचे, आणि त्यांच्या मागून कोंबडी. पोरं खिडकीतून ओरडायची, "काका, आज कितवं गेलं?"

मग एक सॉफ्टवेअर रविवारी पास झालं. भाऊजींनी मला मुद्दाम बोलावून न पडलेला पेला दाखवला. दुसऱ्या दिवशी तेच सॉफ्टवेअर, तेच गाणं, आणि पेला पडला. भाऊजी अंगणात उभे, तोंड एवढंसं झालेलं. माझा हात तेव्हा मिक्सरवर होता. रविवारी रात्री मेस बंद असते. रविवारी दुपारी मी शेंगदाण्याची चटणी वाटत नाही.

आमच्या ओट्याचा कडप्पा भिंतीतून आरपार पलीकडं गेला आहे. पूर्वी तिथून ताटं सरकवायचो. त्याच्याच पलीकडच्या टोकावर भाऊजींचा कॉम्प्युटर आणि उतरंड. मला बोलून सांगायला सुचेना. मी आत गेले, त्यांचा कॉम्प्युटर बंद करायला लावला, पेला पुन्हा रचून ठेवला, आणि इकडं येऊन मिक्सर फिरवला. खणकन आवाज आला. मिक्सर थांबवून बघते तर भाऊजी कमरेवर हात ठेवून त्या पेल्याकडं बघून राहिलेले. मग म्हणाले, "म्हंजी वैनी, इतकी सॉफ्टवेअरं तुमच्या चटणीनं खाल्ली."

हसू तर आलं, पण घोटाळा वाढलाच होता. नापास झालेली सगळी पुन्हा पास होऊन दारात उभी राहिली, आणि मे महिना अर्ध्यावर आला. त्याच सुमाराला बँडवाले चाचा आले. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवण्यात त्यांचा जन्म गेला, आणि आता त्यांची भोंग्याची रिक्षा होती. क्लासच्या जाहिराती गल्लोगल्ली फिरवायचे. प्रत्येक रिक्षावर तेच ते सिनेमाचं गाणं वाजतं, आपल्याला आपली धून पाहिजे, असं त्यांच्या मनात होतं. भाऊजींनी ऐकवलं. चाचांनी डोळे मिटून ऐकलं.

"मियाँ, सूर लाजवाब. पण ह्याला पाय न्हाईत. रस्त्यावर भोंग्यात हे हवेत उडून जाईल. नीचे कुछ तो डालो. धम् पाहिजे."

"ते कोणत्या सॉफ्टवेअरमधी चांगलं येतं, ह्याचा अभ्यास करून राहिलो चाचा."

"अरे, बारात निघाली का हाती आला तो बाजा फुंकायचा. नवरदेव घोड्यावर बसलाय, आन् तुम्ही बाजा पसंत करत बसणार? जुम्म्याला येतो मी."

चाचा गेले. भाऊजी पायरीवर बसले. मी भाकरीचं पीठ मळत होते, दार उघडंच होतं. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "वैनी, धम् सगळ्यांतच येतं. मीच घातलं न्हाई."

मला चारचौघांत तर सोडाच, घरच्यांतही पटकन बोलता येत नाही. मी हात धुतले, आत गेले, उतरंड होती तशी एकेक भांडं उचलून बाहेर आणली आणि अंगणात तुळशीजवळच्या फरशीवर पुन्हा रचली. तिथं मिक्सरही पोचत नाही आणि स्पीकरही. तिच्यासमोर पाट टाकून मेथीची जुडी घेऊन बसले. "तुम्ही वाजवा," म्हटलं, "मी इकडं बघून राहिले. पेला हलला तर हाक मारते."

ते पायरीवरून उठले. मग आत गेले. त्यांनी कोणतं सॉफ्टवेअर लावलं असेल? सगळ्यांत पहिलं, पापडाच्या चौकटींचं, जे त्यांनी सगळ्यांत आधी नापास केलं होतं. त्यात कुठं काय आहे ते बोटांना पाठ झालं होतं, एवढंच कारण त्यांनी नंतर सांगितलं. आतून पहिला ठोका आला. मग बराच वेळ काही नाही. मग त्यांनी विचारलं, "वैनी?"

"हाय जागेवर."

दुसरा ठोका आला. "वैनी?"

"हाय."

जुम्म्यापर्यंत रोज दुपारी असंच चाललं. मेथी झाली, गवार झाली, लसूण सोलून झाला. हळूहळू "वैनी?" दोन ठोक्यांनी यायचं, मग चार ठोक्यांनी, आणि शेवटच्या दुपारी आलंच नाही. त्या दिवशी मी निवडलेली भाजी मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले.

चाचांनी धून नेली. जून लागल्यावर ऐन जेवणाच्या वेळी त्यांची रिक्षा आमच्या गल्लीत आली. आधी पेटीचे चार सूर आणि मग खालून तो ढोल. हे वरण वाढत होते. वाटी तशीच हातात धरून दाराशी गेले. "हा तर गावातला ठेका," एवढंच म्हणाले. पोरं वरणासाठी ओरडत होती. आलेल्या तीन खाटा संध्याकाळी यांनी स्वतः उचलून हॉलमध्ये टाकल्या, आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात झोपायला लागलो.

पुढं नांदेडच्या मित्रानं भाऊजींना बोलावून घेतलं. आता तिथंच असतात, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. जाताना कॉम्प्युटर नेला, उतरंडीची भांडी मात्र घासून माझ्या मांडणीवर ठेवून गेले. त्यांच्या खोलीत आता पोरं राहतात. दाराची कडी गंजून बसली आहे, त्यामुळं ते अजून लागत नाही. अधूनमधून भाऊजींचा फोन येतो. "वैनी, एक नवीन सॉफ्टवेअर आलंय. घ्यावं का जुनंच बरं?" मी म्हणते, "बघा की. पण आधी शेजारी कुणी चटणी वाटतंय का ते बघा." ते हसतात. घेत काही नाहीत.

चाचांची रिक्षा प्रवेशाच्या दिवसांत अजून फिरते. जाहिरातीतले क्लास बदलले, आवाज बदलले, सुरुवातीची धून तीच आहे. ढोलाचा ठोका आला की मांडणीवरचा तो पेला बारीक किणकिणतो. पहिल्या वर्षी मी धावत जाऊन त्याच्यावर हात ठेवायची. आता ठेवत नाही. भाकरी तव्यावर तशीच राहू देते आणि रिक्षा गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मनातल्या मनात म्हणत राहते, हाय भाऊजी, जागेवर हाय.