विहिणीच्या ओटीतली ट्यूब

माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न एका नायट्यापायी मोडायला आलं होतं. नायटा मुलीला नव्हता, जावयालाही नव्हता. तो होता आमच्या ह्यांच्या कमरेला.

हे अंबरनाथला कारखान्यात कामाला. दिवसभर घाम, त्यावर घट्ट पट्टा. उन्हाळ्यात कमरेला चट्टा उठला आणि आमच्या बदलापुरातल्या कात्रपच्या घरात टीव्हीपेक्षा खाजवण्याचाच आवाज मोठा झाला.

"अहो, डॉक्टरांना दाखवा."

"एवढ्याशा चट्ट्याला डॉक्टर? लोक हसतील!" (लोकांना हे चट्टा दाखवायला जाणार होते की काय, देव जाणे.)

त्याच सुमारास आमच्या अश्विनीचं लग्न ठरलं. मुलगा बेलवलीचा, म्हणजे बदलापूरचाच, फक्त स्टेशनच्या पलीकडचा. साखरपुड्याच्या साड्या घ्यायला मी उल्हासनगर गाठलं आणि येताना तिथल्या एका मेडिकलवाल्याला सहज ह्यांचं दुखणं सांगितलं.

"भाभी, ये ट्यूब ले जाओ. दो दिन में खुजली गायब!"

"पण डॉक्टरची चिठ्ठी नाही हो माझ्याकडे."

"चिठ्ठी का क्या करना है? सब लोग यही ले जाते हैं."

सगळे नेतात म्हटल्यावर मी का मागे राहू? शिवाय उल्हासनगरला जाऊन एकच नग आणणं माझ्या स्वभावात नाही. साड्यांसारखीच घासाघीस करून मी ट्यूबांचा अख्खा बॉक्स उचलला. औषधातही डिस्काउंट मिळवल्याचा आनंद मला रिक्षात बसेपर्यंत पुरला.

ह्यांची खाज खरंच थांबली. चट्टाही फिका पडला. मी मनातल्या मनात त्या मेडिकलवाल्याला डॉक्टरची पदवी देऊन टाकली. तेवढ्यात शेजारच्या मंदाताई ट्यूब बघून म्हणाल्या, "अगं, ही तर माझी भाची तोंडाला लावते. काय उजळलीये म्हणून सांगू!"

नवऱ्याच्या नायट्याचं मलम आपल्या तोंडाला? क्षणभर कसंसंच झालं. पण मग साखरपुड्याचे फोटो डोळ्यांसमोर आले आणि मी त्याच रात्री सुरुवात केली. थोड्याच दिवसांत चेहरा असा तुकतुकीत झाला, की सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाने मलाच विचारलं, "ताई, आई आहेत का घरात?"

"आई, ट्यूबवर लाल रेघ आहे," अश्विनी म्हणाली. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरायची नसते ती."

"डिझाइन असतं गं ते!" मी म्हणाले.

आणि मग मी पराक्रम केला. साखरपुड्याचा दिवस ठरवायला विहीणबाई घरी आल्या. निघताना मी त्यांची ओटी भरली. तांदूळ, नारळ, ब्लाउजपीस, आणि वर अगदी मायेने एक नवी कोरी ट्यूब! "रोज रात्री तोंडाला लावा," मी म्हणाले. "साखरपुड्यापर्यंत बघा कशा उजळता!" विहीणबाई हसल्या. ते हसू जरा लवकर आटोपलं, पण माझं सगळं लक्ष माझ्याच गालांकडे होतं.

पुढे वाटून वाटून बॉक्स संपला आणि काही दिवस मलम लावायचं राहिलं. लगेच ह्यांचा चट्टा परत आला, आणि एकटा नाही, सहकुटुंब आला! कमरेवरून पोटावर, पोटावरून पाठीवर, जागा मिळेल तिथे त्याने बस्तान मांडलं. माझे गाल लालभडक झाले, वर बारीक पुरळ उठलं आणि गॅससमोर उभी राहिले की तोंडाची नुसती आग! अश्विनीने आम्हा दोघांना कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं.

"ह्यात स्टेरॉइड आहे," रिकामी ट्यूब बघून त्या म्हणाल्या. "ते खाज दाबतं, नायट्याची बुरशी मारत नाही. वरून बरं दिसतं, आणि नायटा पसरत राहतो."

"म्हणजे हे औषध वाईटच?" ह्यांनी विचारलं.

"वाईट नाही हो. काही आजारांत मीही देते. पण कुठे लावायचं, किती आणि किती दिवस, ते आम्ही ठरवायचं. चेहऱ्याची कातडी नाजूक. तिथे हे मनाने लावत राहिलात तर कातडी पातळ होते, आणि सोडलं की अशी आग होते. आणखी कोणाला दिलीत ही?"

मी मंदाताईंचं नाव सांगितलं, माझ्या जावेचं सांगितलं, आणि मग अडखळले. "एक... ओटीत घातली."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "ओटीत?"

"विहिणीच्या."

"आजच्या आज सांगा त्यांना. आणि लावत असतील तर इकडे पाठवा. सोडायची कशी, ते मी बघते."

बाहेर आल्यावर अश्विनी रडायलाच लागली. "आई, त्यांचं तोंड असं झालं असेल तर कोण करेल माझ्याशी लग्न?" पोरीने पसंत केलेला मुलगा, चांगलं घर, आणि मी तिच्या सासूबाईंनाच भाजून ठेवलं! फोनवर हे सांगायची हिंमत होईना. तोंडाभोवती पदर गुंडाळून मी रिक्षाने बेलवलीला गेले.

दार विहीणबाईंनीच उघडलं. "कोण पाहिजे?"

मी पदर काढला.

"अगंबाई! विहीणबाई, तुम्ही? हे काय झालं?"

"तुम्ही... तुम्ही ती ट्यूब लावलीत का हो?"

आत जाऊन त्यांनी कपाटातून ट्यूब आणली. खोकंसुद्धा फोडलेलं नव्हतं.

"खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "मी सावळी, म्हणून तुम्ही टोमणा मारलात असं वाटलं मला. फार लागलं. ह्यांना म्हटलं, आत्ताच रंगावरून बोलतात, पुढे काय करतील! उद्या फोन करून नकार कळवणार होतो."

मी सोफ्यावर बसून लाल रेघेपासून सगळं सांगून टाकलं. "आणि आता?"

"आता काय! टोमणा मारणारं माणूस स्वतःच्या तोंडाचं असं करून घेत नाही," त्या म्हणाल्या, आणि गार पाण्यात रुमाल भिजवून माझ्या हातात दिला. मला रडूच आलं.

साखरपुडा ठरल्या दिवशी झाला. ह्यांचा नायटा आणि माझं तोंड, दोन्ही डॉक्टरीणबाईंच्या औषधाने हळूहळू ताळ्यावर येत होतं. (फोटोत मी लाल साडीला मॅचिंग आले आहे.) मी पुन्हा विहीणबाईंची ओटी भरली. त्यांनी नारळ उचलला, चारी बाजूंनी फिरवून लाल रेघ शोधली आणि भर मांडवात विचारलं, "हा खायचाच आहे ना? की तोंडाला लावायचा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा, डॉक्टरांना विचारून सांगते!"